एशियन पेअर कच्चं आहे की असंच कडक असतं? चव कशी असते आणि ते कशात वापरायचं?

ते मऊ होण्याची वाट पाहू नका. सफरचंदासारखं गोल, तपकिरी, फोमच्या जाळीत गुंडाळलेलं फळ बरेच दिवस ठेवूनही कडकच राहिलंय, असं तुम्ही लिहिलंय. ते पिकलेलंच आहे. लांबट युरोपीय पेअर कडक असताना तोडतात आणि ती घरात मऊ होतात. एशियन पेअर झाडावरच पिकतं आणि शेवटपर्यंत कडक राहतं. आजच फ्रीजमध्ये टाका, तासाभराने सोला आणि गारच खा.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं दक्षिण कोरियात राहिलो, तिथे हे फळ मनापासून आवडायला लागलं. तिथलं नाजू शहर पेअरसाठी प्रसिद्ध आहे आणि सगळ्यात जास्त लागवड 'शिंगो' या जातीची. एकेक फळ अर्धा किलोच्या वर भरतं, म्हणून एक फळ चौघांत कापून खातात. शरदातल्या चुसोक सणाला मोठाल्या खोक्यांतून एकमेकांना भेट देतात आणि पूर्वजांसमोरच्या नैवेद्यातही ठेवतात.

चवीचं म्हणाल तर आधी जाणवतं ते पाणी. फळात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दात लागला की कचकन तुटतं आणि रस हनुवटीवर येतो. गोडी स्वच्छ, आंबटपणा जवळजवळ नाही, वास अगदी मंद. बियांच्या आसपासचा भाग मात्र आंबट-तुरट असतो, तो सढळ हाताने कापून टाका. चावताना बारीक रवाळ लागतं, त्याचं कारण गरातल्या दगडी पेशी. पेरूच्या बियांजवळही त्याच लागतात. सालीत विषारी काही नाही, पण तपकिरी जातींची साल खरखरीत असते, म्हणून कोरियात ती नेहमी सोलतात. जपानमध्ये हिरवट-पिवळ्या, पातळ सालीची 'निजिस्सेइकी' जातही आहे. तिचं रोप १८८८ साली आताच्या मात्सुदो शहराजवळ एका तेरा वर्षांच्या मुलाला उकिरड्यावर उगवलेलं सापडलं. पुढे तोत्तोरी प्रांताची ओळखच त्या फळाने घडली.

आणि हे कुळ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. पावसाळ्यात हातगाडीवर पंजाबची जी कडक हिरवी नासपती येते, ती 'पत्थरनाख' याच प्रजातीची. ती जास्त रवाळ आणि कमी रसाळ, पण खालच्या बऱ्याच पाककृतींत चालते.

आता स्वयंपाक. माझ्या मते या फळाचा खरा कस लागतो तो तिखटामिठासोबत. कोरियात बुल्गोगी या भाजलेल्या मांसाच्या पदार्थासाठी मांसाचे पातळ काप मुरवतात, त्यात सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल आणि किसलेलं पेअर असतं. पेअरमधली विकरं (एन्झाइम्स) मांस लुसलुशीत करतात आणि साखरही कमी लागते. आपण मटणाला कच्ची पपई लावतो तेच हे काम, फक्त पपईपेक्षा बरंच सौम्य. पातळ कापांना अर्धा-एक तास पुरतो. फळ ताजंच किसायला हवं. डब्यातला रस तापवलेला असतो, त्यामुळे त्याची गोडी मिळते पण मांस मऊ होत नाही.

उन्हाळ्यात 'नेंगम्यॉन' नावाच्या बर्फगार शेवयांवर काकडी, उकडलेलं अंडं आणि पेअरचे काप ठेवतात. किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या तिखट लोणच्याच्या मसाल्यातही पेअर किसून घालतात. हे सगळं खाऊन पुण्याला परतल्यावर मी त्याची कोशिंबीर करायला लागलो, आणि आमच्याकडे आता तीच जास्त होते: बारीक फोडी, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, लिंबू, वरून जिरं-हिंगाची फोडणी. मीठ मात्र पानात वाढतानाच घाला, नाहीतर वाडग्यात पाण्याचं तळं होतं. कोथिंबीर हवी तेवढी. दही मला त्यात आवडत नाही, फळाची मंद चव त्याखाली दबून जाते.

शिजवूनही खातात. चीनमध्ये घसा कोरडा पडला किंवा खोकला झाला की खडीसाखर घालून पेअर मंद आचेवर उकळतात आणि पाण्यासकट देतात. कोरियातलं 'बेसुक' त्याच धर्तीचं: आल्याच्या पाण्यात मध किंवा साखर घालायची, पेअरच्या फोडींत दोन-तीन मिरे खोचायचे आणि फोडी पारदर्शक दिसेपर्यंत शिजवायच्या. पावसाळ्यात गरम आणि मे महिन्यात गार, दोन्ही छान लागतं. मिरे खाताना काढून टाका.

फ्रीजमध्ये ही फळं काही आठवडे सहज टिकतात, पण धक्का लागला की डाग पडतात, म्हणून जाळी काढू नका. एका बैठकीत फार खाऊ नका; त्यातल्या सॉर्बिटॉल या साखरेसारख्या गोड घटकामुळे काहींचं पोट फुगतं.

तुम्ही केकबद्दलही विचारलंय. त्यात हे घालू नये असं मला ठामपणे वाटतं. पाणी सुटून तळ ओला राहतो आणि ओव्हनच्या उष्णतेत ती मंद चव उरत नाही. केकसाठी लांबट मऊ पेअर किंवा काश्मीर-हिमाचलकडून येणारा बाबूगोशा हा मऊ पेअरचा प्रकार घ्या.