घराबाहेरच्या, लाकूड जाळून पाणी तापवणाऱ्या बॉयलरला स्मार्ट थर्मोस्टॅट (घरातलं तापमान आपोआप राखणारं उपकरण) जोडता येतो का? आत गॅस फर्नेसही (गॅसवर हवा तापवून पंख्याने घरभर सोडणारी भट्टी) आहे.

येतो, पण तो आग विझवू शकत नाही हे आधी पक्कं लक्षात घ्या. अमेरिका-कॅनडातल्या या मांडणीत पाणी साधारण ८० अंश सेल्सिअसला राखायचं काम बॉयलरचा स्वतःचा अ‍ॅक्वास्टॅट (पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच) करतो, हवेची झडप उघडून-मिटून. त्या सर्किटला हात लावू नका. लाकडाची ऊब घ्यायला थर्मोस्टॅटने फक्त फर्नेसचा पंखा चालवायचा, तो गरम पाण्याची उष्णता घरभर पसरवतो. कडाक्याच्या थंडीत बॉयलरचं पाणी फिरवणारा पंप सतत चालू हवा, नाहीतर पाइप गोठतात.

गरम पाणी घरात येणाऱ्या पाइपवर तीन टर्मिनलांचा दुसरा अ‍ॅक्वास्टॅट बांधा. थर्मोस्टॅटची 'डब्ल्यू' वायर (ऊब मागणारी) त्याच्या मधल्या सामाईक टर्मिनलला. पाणी ५० अंशांच्या वर असेल तर जोडणी फर्नेसच्या 'जी'ला, म्हणजे पंख्याला. खाली गेलं तर फर्नेसच्या 'डब्ल्यू'ला, म्हणजे गॅसला. लाकूड रात्री संपलं तरी घर गार पडत नाही. एसीसाठी थर्मोस्टॅटची 'जी' वायर आधीच जोडलेली असेल तर मध्ये २४ व्होल्टचा रिले (विजेवर चालणारा स्विच) घाला. एरवी वीज उलटी थर्मोस्टॅटमध्ये शिरते आणि तो गोंधळतो. 'सी' वायरही (थर्मोस्टॅटला सतत वीज देणारी) हवीच, तिच्याशिवाय रिले खडखडतो.

सगळ्यात जास्त त्रास आपोआप तापमान उतरवण्याच्या सोयीचा. थर्मोस्टॅटने तापमान १३ अंशांवर उतरवलं की उष्णतेची मागणी थांबते, आग तासन्‌तास धुमसते, धुराड्यात क्रिओसोट (धुराचा डांबरासारखा थर) साचतं आणि तेच पुढे पेट घेतं. शिवाय परत तापवताना पाणी एकदम थंड होऊन गॅसच सुरू होतो. ती सोय बंद ठेवा, किंवा फरक १-२ अंशांचाच असू द्या.