सिग्नलला लाल-पिवळा-हिरवाच का, कोणी ठरवलं?

तुम्ही विचारलंय सिग्नलला हेच तीन रंग कुठून आले, तर ते रस्त्यावर ठरलेच नाहीत, रेल्वेकडून उचललेत. आणि गंमत म्हणजे हिरवा आधी 'जा' नव्हताच! इंग्लंडच्या जुन्या रेल्वेत लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून, आणि पांढरा म्हणजे बिनधास्त जा.

आता पांढरा दिवा कुठे नसतो हो? आमच्या कुर्ल्यात रात्री लोकलच्या दारातून बघा, रुळाला लागून घरं, दुकानं, टपऱ्या, सगळीकडे पांढरेच दिवे, त्यात सिग्नल कुठला ते ड्रायव्हरने कसं ओळखायचं? त्याहून वाईट म्हणजे तेव्हा मागे कंदील आणि पुढे रंगीत काच असायची, ती लाल काच फुटून पडली की मागचा पांढरा उजेड दिसणार, म्हणजे थांबा सांगणारा सिग्नल मोडला की तोच जा सांगणार! मग हळूहळू पांढरा गेला, हिरव्याला बढती मिळाली आणि 'जपून'च्या रिकाम्या जागेवर पिवळा आला.

लालची वेव्हलेंग्थ (तरंगलांबी) मोठी, म्हणून तो हवेत कमी विखुरतो आणि लांबून दिसतो, म्हणून तो निवडला असं सगळे सांगतात. लाल कमी विखुरतो हे खरंय, पण लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते गणित मांडलं १८७१ मध्ये, रेल्वेत लाल त्याच्या कितीतरी आधीपासून होता. रक्त, आग, धोका, एवढंच डोक्यात असणार असं आपलं मला वाटतं.

रस्त्यावर पहिला सिग्नल १८६८ च्या डिसेंबरात लंडनला पार्लमेंटजवळ लागला, लावणारा जे. पी. नाइट हा रेल्वे सिग्नलचाच इंजिनिअर, दिवे गॅसचे, महिनाभरातच स्फोट होऊन पोलीस जखमी झाला आणि प्रकरण संपलं. १९१४ ला अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये विजेचा आला पण त्यात पिवळा नव्हता, रंग बदलायच्या आधी बझर वाजायचा. रस्त्यावरच्या चार बाजूंच्या सिग्नलमध्ये पिवळा घातला डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स नावाच्या पोलीसवाल्याने, १९२० मध्ये.

आपल्याकडे रेल्वेत, मुंबईच्या व्हीटी (आताचं सीएसएमटी)-भायखळा पट्ट्यात १९२८ लाच ऑटोमॅटिक, म्हणजे गाडी पुढे सरकेल तसे आपोआप बदलणारे, रंगीत सिग्नल आले. लोकलला चौथी खूण पण असते, डबल यलो. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीत राहा, दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल वेग कमी करून ओलांडायची तयारी ठेवा. आणि ऑटोमॅटिक सिग्नल लाल असला तर मोटरमन दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबून मग जपून पुढे जाऊ शकतो, त्यामुळे मधेच अडकलेली लोकल लालवरच हळूच सरकायला लागली तर घाबरू नका, बहुतेक नियमातच चाललंय.