आर्टिकलशिप सुरू करणाऱ्यांसाठी: ऑडिटला जाताना

सीए इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्याबद्दल अभिनंदन! २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, तीनऐवजी दोनच वर्षांची आहे, त्यामुळे फर्म निवडताना मोठ्या नावापेक्षा कामाचे वैविध्य बघ. मध्यम फर्ममध्ये ऑडिट, जीएसटी, आयकर सगळ्याला हात लागतो. बी.कॉम. सोबत चालू असेल तर फॉर्म ११२ची (सोबत दुसरा अभ्यासक्रम करण्याची) परवानगी आधीच घेऊन ठेव.

पहिले काही महिने व्हाउचिंगच, म्हणजे नोंदी बिलांशी ताडून बघणंच, वाट्याला येईल. कंटाळू नकोस. प्रत्येक बिलावर तारीख, जीएसटी क्रमांक, मंजुरीची सही बघताना तो धंदा कसा चालतो हे कळत जातं, आणि पुढे चुकीची नोंद डोळ्याला आपोआप खुपते.

३१ मार्चच्या स्टॉक मोजणीला मात्र स्वतःहून नाव दे. गोदामात दोन्ही बाजूंनी तपास: यादीतला माल रॅकवर आहे का, आणि रॅकवरचा यादीत आला का. दुसरी बाजू बरेच जण विसरतात. शेवटच्या आवक पावतीचा आणि डिलिव्हरी चलनाचा नंबर तिथेच टिपून घे. कट-ऑफ, म्हणजे व्यवहार योग्य वर्षातच धरलाय का, हे त्यावरच तपासायचं असतं. मग एप्रिलमध्ये बँक शाखांचं ऑडिट. ९० दिवसांचा एनपीएचा नियम (९० दिवसांहून जास्त थकलेलं कर्ज अनुत्पादक धरायचं) पुस्तकात एका ओळीत संपतो, पण कर्जखात्याचा उतारा समोर ठेवून तो लावायला शिकणं फार मोलाचं आहे.

वर्किंग पेपर, म्हणजे केलेल्या तपासणीची नोंद, त्याच दिवशी लिही. काय तपासलं, किती नमुने घेतले, काय आढळलं. उद्यावर ढकललंस तर अर्धं निसटतं. आणि क्लायंटच्या अकाउंटंटकाकांशी आदराने बोल, शंका मोकळेपणाने विचार.