पातेल्यात सोडले की विरघळतात, काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगा इटलीत ट्रिएस्टला फिजिक्सच्या कामासाठी सहा महिने होता. तिथं त्याने ग्नोची म्हणून काहीतरी खाल्लं, बटाट्याचा गोळा, आत अख्खा प्लम आणि वरून बटरमध्ये परतलेला पावाचा चुरा, आणि आता घरी आल्यापासून तेच पाहिजे म्हणतोय. मी दोनदा केले. पहिल्यांदा पाण्यात सोडले आणि पाच मिनिटांत पातेल्यात नुसतं पिठलं. दुसऱ्यांदा भीतीने मैदा वाढवला तर रबरी बॉल झाले, मिस्टर म्हणाले गांधी मैदानावर घेऊन जाऊ काय. बटाटे सोलून फोडी करून कुकरला लावते, तीन शिट्ट्या, आणि पीठ चपातीच्या कणकेसारखं तासभर झाकून ठेवते. काय चुकतंय? आणि श्रावण आलाय, अंड्याशिवाय होतील का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अहो ताई, चूक तुम्ही स्वतःच लिहून पाठवलीय की! सोलून, फोडी करून, कुकरला. म्हणजे बटाट्याने पोटभर पाणी प्यायलं, मग ते पाणी शोषायला मैदा लागला, आणि मैदा जास्त झाला की रबर होणारच. पहिल्या वेळी मैदा कमी पडला म्हणून विरघळले, दुसऱ्या वेळी जास्त झाला म्हणून चिवट, पण मूळ दुखणं एकच, पाणी. मी पण पहिल्यांदा भाजीसाठी उकडलेले उरलेले बटाटे घेतले होते आणि पाहुण्यांसमोर बटाट्याची खीर वाढायची वेळ आली होती, ते जाऊदे.

आधी बटाटा. नवा, नखाने साल निघणारा नको, त्यात पाणी फार. जुना, कोरडा घ्या. लक्ष्मीपुरीत भाजीवाल्याला बटाट्याची जात विचारली तर तो तुमच्याकडेच बघत बसेल, म्हणून घरी टेस्ट करा : ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि कच्चा बटाटा सोडा. बुडला तर पिठूळ, कामाचा. तरंगला तर रस्सा भाजीला ठेवा. (चिप्ससाठी कुफरी चिप्सोना नावाचा वाण आहे, तो कोरडाच असतो, मिळाला तर सोडू नका.)

अर्धा किलो बटाटे सालीसकट, अख्खे, साध्या पातेल्यात उकडा. हात भाजत असतानाच सोला आणि लगेच पुरणयंत्रातून काढा. तिकडं यासाठी वेगळं दाबायचं यंत्र वापरतात, आपल्याकडं पुरणपोळीमुळं घरोघरी पुरणयंत्र आहेच, जाड जाळी लावा. मिक्सरला अजिबात हात लावू नका, मिक्सरमध्ये बटाट्यातला स्टार्च फुटून बाहेर येतो आणि डिंक होतो. काढलेला बटाटा परातीत पसरून वाफ पूर्ण जाऊ द्या, दहा मिनिटं तरी. या वाफेबरोबर जेवढं पाणी जाईल तेवढा तुमचा मैदा वाचला.

मग त्यात १२५ ते १५० ग्रॅम मैदा (वाटीने नाही, वजनाने), चमचाभर तूप, मीठ, आणि एक अंड्याचा बलक. श्रावणात बलकाऐवजी दोन चमचे बारीक रवा घाला, ऑस्ट्रियाकडं बटाट्याच्या पिठात रवा घालतातच, तेव्हा हा काही आपला जुगाड नाही. रवा घातला तर दहा मिनिटं थांबा, त्याहून जास्त नाही. चपातीची कणीक मुरली की सुधारते, हे पीठ ठेवलं की बटाटा पाणी सोडत जातो आणि पीठ सैल पडतं, मग परत मैदा, परत रबर. मळायचं तर नाहीच, नुसतं गोळा करायचं. हाताला थोडं चिकटलं तर चिकटू द्या ओ.

आता प्लम. हिमाचलचे जून-जुलैत येतात, ऑगस्टमध्येही दिसतात. दाबल्यावर किंचित घट्ट लागेल असाच घ्या, फार पिकलेला आतून रस सोडून पारी फोडतो. धुवून पूर्ण पुसा, एका बाजूने चीर देऊन बी काढा आणि बीच्या जागी साखरेचा क्यूब. मी गूळ घालते, कोल्हापुरात राहून क्यूब कुठं शोधत बसू, पण खडा हरभऱ्याएवढाच, मोठा घातला की वितळून पारीला भोक पाडतो. पारी उकडीच्या मोदकासारखी करा पण कळ्या नकोत, सगळीकडून सारखी, आणि तोंड नीट बंद, आत हवा राहिली तर तिथंच फुटतो. एवढ्यात दहा-बारा होतात.

मोठ्या पसरट पातेल्यात मीठ घातलेलं पाणी, खळखळ उकळतं नको, नुसतं हलतं. आधी एकच सोडून बघा!! फुटला तर बाकीच्या पिठात चमचाभर मैदा घालायची संधी तरी राहते. वर तरंगला म्हणजे झाला असं साध्या, आत काही न भरलेल्या ग्नोचीला चालतं, इथं आत अख्खं फळ आहे, तरंगल्यावर अजून पाचेक मिनिटं ठेवा. शेजारी कढईत बटरमध्ये पावाचा चुरा खमंग तांबूस परता, साखर, दालचिनी, आणि गरम गोळे त्यात घोळवा.

आणि हो, ते ग्नोची नाही, न्योकी. तुमच्या मुलाला ते इटलीत मिळालं खरं पण हे इटलीभर कुठंही मिळेल असं नाही, ट्रिएस्ट १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या राजवटीत होतं, म्हणून हाच गोळा व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्टलाही वेगवेगळ्या नावांनी सापडतो. गंमत म्हणजे ट्रिएस्टमध्ये हा गोड प्रकार जेवणात सुरुवातीलाच वाढायची पद्धत आहे. मिस्टरांना तसा वाढून बघा, तांबडा रस्सा कुठाय म्हणून विचारतील.

प्रश्न : प्लम मिळाले नाहीत तर आंबा चालेल का? आणि बटाट्याऐवजी रताळं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आंबा नको, फोड निसटते आणि रस गळतो. उन्हाळ्यात बिया काढलेली करवंदं गुळाबरोबर आटवून घट्ट सारण करून भरा, मला तर प्लमपेक्षा तेच आवडतं. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, छोटी आणि घट्ट बघून. सुका जर्दाळू कोमट पाण्यात भिजवून, पुसून, चालतो. रताळं गोड आणि ओलसर, मैदा खूप खातं, मी एकदाच केलं आणि परत केलं नाही.

उरले तर दुसऱ्या दिवशी अर्धे कापून तुपात कापलेल्या बाजूने परता. आमच्याकडं त्यासाठी मुद्दाम चार जास्त करते.