माया किती सोडायची

तुम्ही विचारलंय की, सांगलीत बारा वर्षं ब्लाउज, घागरे शिवल्यावर आता नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला यायचंय, तर घरातल्या एका खोलीत लग्नाचे गाऊन आणि जुन्या काळचे पोशाख शिवायचं काम जमेल का, आणि बरोबर काय आणावं. जमेल, ताई. व्हिसा, कर, नोंदणी हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट लिहिलंय, ते तिथेच वाचा. तिथे सापडत नाही तेवढं लिहिते.

पहिली गोष्ट मायेची. आपण ब्लाउजच्या बाजूला इंच-दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, सोडतो, कारण अंग बदलणार हे आपण धरूनच चालतो. इथल्या तयार गाऊनमध्ये शिलाईच्या आत जेमतेम एक-दीड सेंटिमीटर कापड असतं. नवरी गाऊन कित्येक महिने आधी घेऊन ठेवते आणि तुमच्याकडे येते तेव्हा मागची चेन आठ-दहा सेंटिमीटर उघडी राहते. सैल करायला आत काही नसतं. मग चेन उसवून दोन्ही कडांना लूपची पट्टी लावायची, लूप दोन ते अडीच सेंटिमीटरवर. तीस सेंटिमीटर लांबीच्या उघडीला एका बाजूला बारा-चौदा लूप आणि चार मीटर नाडी लागते. मागे त्याच साटिनचा वीस सेंटिमीटर रुंद तुकडा, एका बाजूला शिवलेला, दुसऱ्या बाजूला हुकवर. लूपच्या शेजारी दोन्हीकडे स्टीलची सपाट पट्टी घालायला विसरू नका. ती नसली की नाडी ओढताच कड गोळा होऊन वर सरकते आणि पाठ चुरगळलेली दिसते. पट्टी कडेपेक्षा दीड सेंटिमीटर आखूड ठेवा, टोकांना टोप्या घाला, नाहीतर जेवणाच्या टेबलावर बसेपर्यंत ती अस्तर फोडून बाहेर येईल.

दुसरी गोष्ट भाराची. आपला ब्लाउज खांद्यावर पेलला जातो, इथला बिनखांद्याचा गाऊन कमरेवर उभा राहतो. आत कमरेला अडीच सेंटिमीटर रुंद ग्रोग्रेनची (आडव्या रेघांच्या जाड फितीची) पट्टी, कमरेच्या मापापेक्षा दोन सेंटिमीटर कमी, प्रत्येक उभ्या शिलाईवर हाताने टाचलेली. आधी तिचा हुक लावायचा, मग चेन. ही पट्टी नसली तर नवरी दिवसभर गाऊन वर ओढत राहते आणि दोष तुमच्या मापाला लागतो.

सुरुवातीला नवं शिवायचं काम मिळणार नाही, दुरुस्तीच मिळेल. पाच थरांच्या घेराची लांबी कमी करायला सहा-आठ तास जातात: अस्तर, साटिन, ट्यूलचे (बारीक जाळीच्या कापडाचे) थर वेगवेगळे आखायचे, लेस उचलून ठेवायची, ट्यूल कापून झाल्यावर लेस पुन्हा हाताने बसवायची. लग्नात घालायचे बूट आणि आतले कपडे आणल्याशिवाय खालची कड आखू नका. पैसे तासाच्या हिशोबाने सांगा, निम्मे आधी घ्या, लिहून घ्या. रुपयात भाषांतर करून दर सांगितलात की अडकलात.

ऐतिहासिक पोशाखांसाठी ब्रिस्टल चांगली जागा आहे. जवळच्या बाथ शहरात दर सप्टेंबरात कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या नावाचा महोत्सव भरतो, रेल्वेने पाव तास. लोक जून-जुलैपासून 1810 च्या आसपासचे गाऊन मागतात. इथे आपला हात चुकतो तो मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतो तिथे. आपण खांद्याची शिलाई खांद्यावर घेतो. त्या काळी ती पाठीकडे उतरते, मुंढा आत शिरतो आणि पाठीचा मधला तुकडा कमरेशी तळहाताएवढाच उरतो. आपल्या सवयीने बेतलात तर ती आजची मॅक्सी दिसते. माप नेहमी त्या काळच्या आतल्या काचोळीवरून घ्या, तिला इथे स्टेज (stays) म्हणतात. साध्या अंगावर घेतलंत तर पुढचा भाग लांब पडतो आणि छातीखालची शिलाई लोंबते. आधी मांजरपाटावर शिवून बघा. दुकानात तो कॅलिको म्हणून मागा. मसलिन म्हणालात तर विरळ जाळीचं कापड हातात ठेवतील. गाऊनसाठी मात्र आपली बारीक मलमल घेऊन या. त्या काळात बंगालची मलमलही इथे येत होती. जुन्या कपड्याची हातशिलाई जवळून बघायची असेल तर लंडनच्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउसमध्ये, म्हणजे व्ही अँड ए संग्रहालयाच्या भांडारात, आधी वेळ घेऊन वस्तू मागवता येते.

मशीन आणलंत तरी चालेल, वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची. फक्त प्लग बदला आणि त्यात तीन अँपिअरचा फ्यूज घाला. आरीच्या (भरतकामाच्या आकडीच्या) सुया आणा, इथे शोधत बसाल. इस्त्रीत नळाचं पाणी घालू नका, क्षार डागासारखे बाहेर पडतात आणि ड्युपियन रेशमावरचा पाण्याचा ठिपका जात नाही. डिसेंबरात चारलाच अंधार. दिव्याखाली आयव्हरी दोरा कापडाला अगदी जुळलेला वाटतो आणि सकाळी खिडकीत नेला की पिवळा दिसतो. दोरा दुपारीच निवडा.

मुलगी आठ वर्षांची आहे म्हणालात. इथे इयत्ता वयावर ठरते, 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट, मागे काय शिकली ते कुणी विचारत नाही. वर्षाच्या मध्ये आलात तर जवळच्या शाळेत बहुतेक वेळा जागा नसते. अर्जाला पत्त्याचा पुरावा, पत्त्याला भाडेकरार, करारासाठी पगाराचा कागद, आणि पगारासाठी बँक खातं, त्याला परत पत्ता. या चक्रात मुलाचे आठवडे जातात. पुस्तक घडाघडा वाचणाऱ्या माझ्या पोराला उच्चारावरून मागच्या गटात बसवलेलं मी अजून विसरलेले नाही. तेव्हा गाऊन हातात होता म्हणून शाळेत भांडायला गेले नाही, ते तर मुळीच नाही. शाळा सव्वातीनच्या सुमाराला सुटते आणि न्यायला मोठं माणूस लागतं, त्यामुळे फिटिंग साडेनऊ ते अडीच किंवा शनिवारीच ठेवा.

एकटेपणाचं विचारलंत. कामात असलं की कळत नाही, एवढंच लिहिणार होते. पण सांगलीत तुमच्या दुकानात बायका कापड घेऊन येतात आणि तासभर टेकतात. इथे पाऊण तासाची वेळ ठरते, नवरी येते, गोड बोलते, वेळेवर जाते. फिटिंगनंतर मी आरसा पुसते आणि दार लावते. तेव्हा कळतं.

भाडेकरारावर सही होईल त्याच दिवशी शाळेचा अर्ज भरा. मशीनचं खोकं नंतर उघडा.