शिक्षकांचे प्रश्न : वर्गातला पडदा, घरातला फोन

या वेळचे प्रश्न प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्या वाचकांचे आहेत. काही शाळेतल्या यंत्रांबद्दल आहेत, काही शाळा सुटल्यावर घरी येणाऱ्या कामाबद्दल.

प्रश्न : मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत विचारणा चालू असते. उत्तर दिलं नाही तर पालक नाराज होतात, दिलं तर घरचा वेळ संपतो. ग्रुप बंदच करावा का?

बंद करू नका, त्याची रचना बदला. ग्रुपच्या नावावर टॅप करून परवानग्यांच्या भागात जा आणि मेसेज पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनला ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये 'कम्युनिटी' (अनेक ग्रुप एकत्र ठेवायची सोय) तयार करून तिच्या घोषणांच्या ग्रुपमधून सूचना दिल्या तर पालकांचे नंबरही एकमेकांना दिसत नाहीत. याऐवजी काहीजण ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणारी यादी, वापरतात. पण ज्या पालकांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ती सूचना पोहोचतच नाही. 'आम्हाला निरोप मिळालाच नाही' असं सांगणारे पालक बऱ्याचदा खरंच बोलत असतात.

एवढ्यावर थांबलात तर तेच प्रश्न तुमच्या वैयक्तिक नंबरवर येतील. ते थांबतात सूचना नीट लिहिल्यावर. 'उद्या रंग आणावेत' हा मेसेज एखादी आई दुसऱ्या दिवशी सकाळी वाचते आणि तिच्यासाठी 'उद्या' एक दिवस पुढे सरकतो. त्याऐवजी असं लिहा : 'बुधवार, ता. १२. चित्रकला. तेलकट खडू आणि जुनी वही पाठवावी. नवीन काही विकत घेऊ नये. खडू नसतील तर वर्गात मिळतील.' शेवटच्या दोन वाक्यांमुळे पालकांची धावपळ वाचते आणि तुम्हाला येणारे कॉलही. रोजची सूचना ठरलेल्या एकाच वेळी, शक्यतो शाळेतून निघण्यापूर्वी पाठवा. दिवसातून एकच.

तारीख चुकली तर मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. मात्र दुरुस्तीची वेगळी सूचना कुणाच्या फोनवर वाजत नाही. आधीचा मजकूर वाचून फोन बाजूला ठेवलेल्या पालकाला बदल कळणार नाही, म्हणून तारीख किंवा वेळ बदलली असेल तर जुन्या मेसेजला उत्तर म्हणून नवा मेसेज टाका.

दुसरा नंबर असेल तर शाळेचं खातं वेगळं करा. अँड्रॉइड फोनवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन नंबरांची दोन खाती चालतात. शाळेच्या खात्याच्या सूचना संध्याकाळनंतर बंद ठेवायच्या आणि पालकांना स्पष्ट सांगायचं : तातडीचं असेल तर कॉल करा, मेसेज नको. फोनच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये थोड्या वेळात पुन्हा आलेला कॉल वाजू द्यायची सोय असते, ती चालू ठेवा. खरी अडचण असलेला माणूस पुन्हा फोन करतोच. आणि एकदा वेळ ठरवली की ती तुम्हीही पाळा. रात्री साडेदहाला एका पालकाला उत्तर दिलंत की तुम्ही त्या वेळी उपलब्ध असता हे सगळ्यांना कळतं.

प्रश्न : वर्गात प्रोजेक्टर आहे, पण चित्र फिकट दिसतं, मागच्या मुलांना वाचता येत नाही आणि आवाज तर कधी येतो, कधी नाही. तासाची पहिली दहा मिनिटं जुळवाजुळवीत जातात.

आधी चित्र लहान करा. प्रोजेक्टरचा प्रकाश ठरावीक असतो, तोच मोठ्या जागेवर पसरला की पातळ होतो. चित्राची रुंदी निम्मी केली तर क्षेत्रफळ चौथाई होतं आणि तेवढ्या जागेत उजेड चौपट पडतो. भिंतभर फिकट चित्रापेक्षा फळ्याएवढं ठळक चित्र मुलांना वाचता येतं. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. त्याचा 'काळा' म्हणजे प्रकाश न पडलेली भिंत. उजेडाच्या खोलीत ती भिंत राखाडी दिसते, म्हणून गडद पार्श्वभूमीच्या स्लाइड टाळा. पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवा, ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत शिरतात. नुकतंच वाचायला लागलेल्या मुलाला तेवढ्यानं अक्षर ओळखता येत नाही. तपासणी सोपी आहे : वर्ग भरण्याआधी शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचा.

चित्र वाकडं येत असेल तर लगेच कीस्टोनचं बटण दाबू नका. त्यानं कडा सरळ होतात, पण अक्षरं थोडी धूसर होतात. प्रोजेक्टरच भिंतीसमोर काटकोनात ठेवा आणि उरलेला थोडा तिरकेपणा कीस्टोननं काढा.

लॅपटॉपचं चित्र पडद्यावर येत नसेल तर विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. आवाजाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : एचडीएमआय केबल जोडली की लॅपटॉप आवाजही प्रोजेक्टरकडे पाठवतो. प्रोजेक्टरचा स्पीकर अगदी लहान असतो, काहींना तर नसतोच. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून आवाजाची वाट बदला आणि बाहेरचा स्पीकर साध्या वायरनं जोडा. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गोष्ट ऐकवताना ते जाणवत नाही, पण टाळ्यांच्या तालावरची कविता घेताना पडद्यावरची टाळी आणि कानावरची टाळी जुळत नाहीत आणि मुलांचा ठेका चुकतो.

प्रोजेक्टर तासभर चालून आपोआप बंद पडत असेल तर हवेची जाळी पाहा. वर्गातली खडूची भुकटी तिथे थर धरते, हवा अडते, यंत्र तापतं आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन, जाळी काढून मऊ ब्रशनं झाडा. दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही.

प्रश्न : घरी तयार केलेली मराठी कृतिपत्रिका शाळेच्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. असं का?

तुम्ही जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरता आहात. अशा फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळ अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी अक्षर मराठीच राहणाऱ्या पद्धतीत, टाइप करा आणि छापायची प्रत नेहमी पीडीएफ करून न्या. जुन्या फाइली कन्व्हर्टरनं बदलता येतात, पण नंतर ओळ न् ओळ वाचा. अशा फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे बदलताना नेमकी हीच दोन चिन्हं जागा सोडतात.

इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर 'दऱ्या' लिहिताना अडतं ते असं : साधा र, हलन्त आणि य दाबले की 'दर्या' उमटतं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. शिफ्ट आणि 'जे' दाबून ऱ घ्या, मग 'डी'वरचा हलन्त, मग य आणि काना. 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'कैऱ्या' हे शब्द दुसरी-तिसरीच्या पाठांत सतत येतात, तेव्हा हे बोटांत बसवून घ्या.

छापताना 'फिट टू पेज' बंद करून 'ॲक्चुअल साइज' निवडा. लांबी मोजायच्या कृतिपत्रिकेत १० सेंमीची रेघ थोडी आखूड छापली गेली तर मूल बरोबर मोजूनही चुकीचं ठरतं. छापलेल्या पहिल्या प्रतीवर पट्टी ठेवून बघा.

प्रश्न : एआयकडून गणितं तयार करून घेतली तर चालेल?

चालेल, पण प्रत्येक गणित स्वतः सोडवल्याशिवाय मुलांसमोर ठेवू नका. उत्तरं चुकतातच, पण त्याहून लपून राहणारी चूक वेगळी आहे. हातच्याशिवाय बेरजा मागितल्या तरी मध्येच ३७ + २५ घुसतं आणि जे अजून शिकवलेलं नाही त्यावर मूल अडकतं. विद्यार्थ्यांची नावं, गुण, अडचणी त्यात कधीही टाकू नका.

प्रश्न : घरी मी वह्यांचे फोटो तपासते, सूचना लिहिते, आणि माझाच पाच वर्षांचा मुलगा म्हणतो, 'तू पण सारखी फोनवरच असतेस'. शिवाय तो फोन घेऊन काहीही दाबतो.

त्याला तुमचं काम आणि करमणूक एकसारखीच दिसते, कारण दोन्ही एकाच लहान पडद्यावर होतात. शक्य तेवढं काम कागदावर किंवा लॅपटॉपवर, ठरलेल्या जागी आणा. फोन हातात घ्यावाच लागला तर मोठ्यानं सांगा : 'पाच वह्या बघायच्या आहेत, मग ठेवते.' आणि पाच झाल्या की ठेवा. मुलं हे मोजतात.

त्याला फोन द्यायचाच असेल तर अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमधलं ॲप पिनिंग चालू करा आणि ते काढताना पिन मागितला जावा हेही निवडा, म्हणजे तो त्याच ॲपमध्ये राहील. आयफोनवर हे काम 'गायडेड ॲक्सेस' करतं. व्हॉट्सॲपमधले फोटो गॅलरीत दिसण्याची सोय बंद करा, नाहीतर वर्गातल्या मुलांचे फोटो घरच्या अल्बममध्ये आणि तिथून टीव्हीवर पोहोचतात. पालकांनाही सांगा : फोटो वहीचा हवा, मुलाचा नको. वही खिडकीजवळ ठेवून, फ्लॅश बंद करून, फोन पानाला समांतर धरून काढलेला फोटो मोठा न करताही वाचता येतो.

प्रश्न : पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ लॅपटॉपवर चालतो, वर्गातल्या टीव्हीवर नाही.

बऱ्याच टीव्हींना फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्हच वाचता येतो, आणि त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. व्हिडिओ एमपी४ प्रकारचा, एच.२६४ मध्ये बदललेला असावा. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी दुसरीकडे प्रत काढून घ्या. फाइलचं नाव टीव्हीवर चौकोनी दिसत असेल तर ते इंग्रजी अक्षरांत लहानसं ठेवा.