'किल्ला' पाहून कोकणात निघताय?

'किल्ला' हा कोकणात घडणारा सिनेमा आवडला म्हणून गाडी काढताय, तर हमरस्ता सोडा, सागरी रस्ता धरा. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगडला गाडी थेट फेरीबोटीत चढते. वाशिष्ठी आणि शास्त्री खाडीचा भला मोठा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ मात्र आदल्या दिवशीच विचारून घ्या.

आणि सिनेमाबद्दल लिहाल तेव्हा कथा सांगत बसू नका. दिग्दर्शक अविनाश अरुण यांनी छायालेखनही स्वतःच केलंय, म्हणूनच तिथला पाऊस नुसता देखावा राहत नाही, अकरा वर्षांच्या त्या मुलाचं एकटेपण होतो. तुम्हाला काय भिडलं, ते त्याच रात्री टिपून ठेवा. प्रवासाचंही तेच! किलोमीटरचा हिशेब कशाला? बोटीचा रॅम्प धक्क्यावर खरखरत टेकतो, पाठोपाठ दुचाक्यांची झुंबड उडते, ते लिहा. आम्हाला तेच वाचायचंय.